डागमार आणि बेंगेर्ड : डॅनिश लोकगीतांतील दोन राण्यांची चिकित्सा

प्रास्ताविक

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळील रीबे या जुन्या नगरातील कॅथेड्रलच्या घंटांवर आजही एका लोकगीताची धून वाजविली जाते. आठशे वर्षांपूर्वी निधन पावलेल्या डागमार राणीच्या मृत्यूचे ते गीत आहे. राजा दुसरा वाल्देमार (कारकीर्द १२०२ ते १२४१) याची ती पहिली राणी. तिच्या पश्चात राजाने पोर्तुगालच्या राजकन्येशी, बेरेन्गारियाशी, विवाह केला. लोकगीते हिला 'बेंगेर्ड' म्हणतात आणि तिच्या वाट्याला केवळ दूषणे देतात. आवडती-नावडतीच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही जोडी अपरिचित वाटणार नाही. फरक असा, की कहाणीतील राण्या अनामिक असतात आणि त्यांची निवड राजा करतो. येथे दोघीही इतिहासात होऊन गेलेल्या आहेत आणि निवड केली आहे ती प्रजेने. ही निवड कोणत्या आधारावर झाली आणि इतिहासाचे साधन म्हणून या गीतांचे मोल काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इतिहासातील दोघी

डागमारचे मूळ नाव मार्केटा. द्राहोमिरा हेही तिचे नाव सांगितले जाते आणि त्यावरूनच 'डागमार' हे डॅनिश रूप आले असे मानतात. बोहेमियाचा राजा पहिला ओटोकार आणि त्याची पत्नी माइसनची आडेलहाइड यांची ती कन्या. ओटोकारने आडेलहाइडचा त्याग करून हंगेरीच्या कॉन्स्टन्सशी दुसरा विवाह केला होता. आपला विवाह वैध असल्याची दाद आडेलहाइडने पोपकडे मागितली होती. टाकलेल्या राणीची ही मुलगी १२०५ मध्ये डेन्मार्कची राणी झाली. १२०९ च्या सुमारास तिला वाल्देमार नावाचाच पुत्र झाला आणि १२१२ च्या सुमारास तिचा मृत्यू झाला. सुमारे सात वर्षांच्या तिच्या राणीपदाविषयी समकालीन नोंदी अगदी त्रोटक आहेत.

बेरेन्गारिया ही पोर्तुगालचा राजा पहिला सांचो आणि आरागॉनची डुल्से यांची कन्या. तिचा भाऊ फेरांद १२१२ मध्ये फ्लँडर्सच्या वारसदार जोहानाशी विवाह करून तेथील काउंट झाला होता. बेरेन्गारियाचा विवाह १२१४ मध्ये झाला. त्याच वर्षी बूव्हीनच्या लढाईत फेरांद फ्रान्सच्या राजाचा कैदी झाला, म्हणजे माहेरचा तिचा जवळचा आधार सासरी येताच नाहीसा झाला. १२२१ मध्ये तिचा मृत्यू झाला. एरिक, आबेल आणि ख्रिस्तोफर हे तिचे तिन्ही पुत्र पुढे एकापाठोपाठ एक डेन्मार्कच्या गादीवर बसले.

गीतांतील दोघी

या राण्यांविषयीची गीते त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे तीन शतकांनी, म्हणजे सोळाव्या शतकात, लेखनिविष्ट झाली. आन्डर्स सोरेन्सेन वेडेल याने १५९१ मध्ये शंभर डॅनिश गीतांचा संग्रह छापला आणि एकोणिसाव्या शतकात स्वेन्ड ग्रुंटविग याने या परंपरेचे शास्त्रशुद्ध संपादन आरंभिले. आपण ज्याला लोकस्मृती म्हणतो ती उमराव घराण्यांच्या हस्तलिखितांतून आणि विद्वान संपादकांच्या हातांतून आलेली आहे, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात घ्यावयास हवी.

गीतांतील डागमार विवाहाच्या दुसऱ्या दिवशीची भेट म्हणून स्वतःसाठी काहीच मागत नाही. शेतकऱ्यांवरील नांगरपट्टी माफ करावी आणि बंदिवानांच्या बेड्या काढाव्यात, एवढेच तिचे मागणे असते. तिच्या मृत्यूच्या वार्तेने राजा स्काण्डरबोर्गहून रीबेकडे घोडा फेकतो. शंभर स्वार निघतात, पण पोहोचतो तो एकटाच. राणी क्षणभर पुन्हा जागी होते, कैद्यांसाठी रदबदली करते आणि बेंगेर्डशी विवाह करू नये असे राजाला विनविते. रविवारी बाह्यांच्या नाड्या आवळल्या, हेच काय ते तिच्या आयुष्यातील पाप. बेंगेर्ड मात्र भेट म्हणून प्रजेवर नवे कर मागते. शेवटी राजा तिला युद्धावर नेतो आणि तेथे बाण लागून ती मरते. या मृत्यूवर गीत हळहळत नाही.

वाङ्मयीन दृष्टीने पाहता मृत्यूगीताची बांधणी उत्तम आहे. राजाचे स्वार एकेक करून मागे पडणे आणि राणीचा श्वास सरत जाणे या दोन गती एकाच वेळी चालतात, त्यामुळे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. नाड्यांचा तपशीलही मार्मिक आहे. पाप इतके क्षुल्लक दाखविले, की पुण्य वेगळे सांगावे लागत नाही. परंतु स्त्रीचे पापपुण्य तिच्या पेहरावावर मोजण्याची दृष्टीही याच तपशिलातून डोकावते. बेंगेर्डच्या गीताला असे अंतरंगच नाही. ती फक्त मागते आणि मरते.

कालविपर्यास

गीतांचा निवाडा इतिहासाच्या कसोटीवर घासला असता काही ठळक विसंगती आढळतात. पहिली नांगरपट्टीची. डॅनिश इतिहासात गाजलेला हा कर १२४९ मध्ये राजा एरिकने बसविला. त्यावरून त्याला 'प्लोवपेनिंग', म्हणजे नांगराचा पैसा, असे टोपणनाव पडले. डागमारच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी उसळलेला रोष गीताने मागे नेऊन तिच्या मुखी घातला आहे. दुसरी विसंगती तिच्या अंतिम विनवणीची. राजाचा दुसरा विवाह १२१४ मध्ये झाला. तेव्हा मरणाऱ्या राणीने नाव घेऊन सवतीपासून सावध करणे हे भविष्य जाणणाऱ्या उत्तरकालीन कवीचेच काम असले पाहिजे.

बंदिवानांची कथा मात्र पूर्णतः निराधार नाही. बंडखोर बिशप वाल्देमार याची १२०६ मध्ये सुटका झाली. परंतु त्या सुटकेमागे पोप तिसरा इनोसंट याचा दबावही होता. शिवाय सुटल्यानंतर हाच बिशप पुन्हा राजाच्या शत्रूंना मिळाला. गीताने दया तेवढी ठेवली, तिचा परिणाम गाळला.

सर्वांत महत्त्वाची विसंगती काळाच्या क्रमाची आहे. वाल्देमारच्या सत्तेचा परमोत्कर्ष बेरेन्गारियाच्या राणीपदाच्या काळातला आहे. एस्टोनियातील लिंडानिसेची लढाई, जिच्याशी डॅनिश ध्वज आकाशातून पडल्याची दंतकथा निगडित आहे, ती १२१९ मधली. ऱ्हास सुरू झाला तो तिच्या मृत्यूनंतर. १२२३ मध्ये श्वेरीनचा काउंट हेन्री याने राजाला कैद केले. सुटकेसाठी प्रचंड खंडणी द्यावी लागली आणि १२२७ मध्ये बोर्नह्योवेड येथे दारुण पराभव झाला. राजाच्या बेसावधपणाचे मोल प्रजेने मोजले, तेव्हा बेरेन्गारिया हयात नव्हती.

दोष कोणाचा?

मग हा रोष तिच्यावरच का वळला? याचे एक उत्तर तिच्या पुत्रांच्या इतिहासात सापडते. डागमारचा पुत्र १२१८ मध्ये सहराजा झाला होता, पण १२३१ मध्ये शिकारीत चुकून बाण लागून तो मरण पावला. गादी बेरेन्गारियाच्या मुलांकडे गेली. १२५० मध्ये एरिकचा खून झाला आणि त्याचा ठपका आबेलवर आला. १२५२ मध्ये आबेलही फ्रिशियनांविरुद्धच्या मोहिमेत मारला गेला. डागमारचा मुलगा जगता तर हे भाऊबंदकीचे दिवस आले नसते, ही हळहळ तिच्या गौरवाच्या मुळाशी असावी. मुलांचे अपराध आईच्या खाती मांडले गेले. शिकारीतील तो बाणही गीताच्या प्रवासात सावत्र आईकडे वळला असावा काय, असा तर्क करण्यास जागा आहे.

दुसरे उत्तर राजसत्तेच्या स्वरूपात आहे. राजावर उघड दोषारोप करणे मध्ययुगीन समाजाला अवघड होते. म्हणून राजाचे औदार्य एका राणीच्या नावे आणि त्याची करवसुली दुसरीच्या नावे लावली गेली. दोन्ही गीतांत कर माफ करणारा वा बसविणारा राजाच आहे, तरीही त्याला यश नाही आणि अपयशही नाही. दोघीही परदेशी होत्या. एकीचे नाव डॅनिश झाले, दुसरी परकीच राहिली.

येथे वाल्देमारची बहीण इंगेबोर्ग हिचे स्मरण होते. फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याने ११९३ मध्ये विवाहाच्या दुसऱ्याच दिवशी तिचा त्याग केला. तिने वर्षानुवर्षे पोपकडे पत्रे पाठवून दाद मागितली आणि १२१३ मध्ये राणीचे स्थान परत मिळविले. तिच्या पत्रांमुळे तिची बाजू आज आपल्याला कळते. डागमार आणि बेरेन्गारिया यांच्याविषयी इतरांनीच बोलावे, असे घडले; गौरव झाला तरी आणि निंदा झाली तरी.

समारोप

ही गीते राण्यांची चरित्रे म्हणून प्रमाण मानता येत नाहीत. परंतु म्हणून ती त्याज्यही ठरत नाहीत. राज्यकर्त्याने कर सौम्य ठेवावा आणि कैद्यांना दया दाखवावी, या प्रजेच्या अपेक्षेचे ती उत्तम साधन आहेत. बेंगेर्ड ही त्या अपेक्षाभंगाची मूर्ती होय. ती बेरेन्गारिया नव्हे. वर्गात लोकगीते शिकविताना आपण बहुधा 'लोकमानसाचा आरसा' असे म्हणून थांबतो. त्या आरशात कोणाचा चेहरा दिसतो आणि कोणाचा झाकला जातो, हा पुढचा प्रश्न विचारणे तितकेच आवश्यक आहे.

रीबेच्या जुन्या गढीवर आन यांनी, म्हणजे शिल्पकार आन मारी कार्ल-नील्सन यांनी, घडविलेला डागमारचा पुतळा १९१३ पासून उभा आहे. रिंग्स्टेडच्या सेंट बेन्ट चर्चमध्ये मात्र राजाच्या दोन्ही बाजूंस दोन्ही राण्या सारख्याच मानाने विसावल्या आहेत. गीतांनी नाकारलेला समान न्याय त्या दफनभूमीने त्यांना दिला आहे. अभ्यासकाने आरंभ तेथून करावा.