वाचणे आणि करणे : व्हिडिओ गेमवरील नियंत्रणाचा वाद आणि साहित्याचा दाखला

१

व्हिडिओ गेमवर शासनाने नियंत्रण ठेवावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता बालमानसशास्त्राचा, कायद्याचा किंवा बाजारपेठेचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात फारसे काही करण्यासारखे नाही, असा समज त्यामुळे दृढ झाला आहे. तथापि या वादातील सर्वांत महत्त्वाचा न्यायालयीन निर्णय ज्या युक्तिवादावर उभा आहे, तो युक्तिवाद तौलनिक साहित्याभ्यासाच्या प्रांतातला आहे. म्हणूनच त्याची चिकित्साही त्याच प्रांतातून होणे आवश्यक ठरते.

अल्पवयीन मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यास किंवा भाड्याने देण्यास मनाई करणारा आणि उल्लंघनासाठी १००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद असणारा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०११ रोजी सात विरुद्ध दोन अशा मतांनी तो घटनाबाह्य ठरवला. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिला. मुलांच्या हाती आपण पूर्वापार जी पुस्तके देत आलो, त्यांत रक्तपाताला तोटा नाही, असे दाखवून देताना त्यांनी ग्रिम बंधूंच्या परीकथांची साक्ष काढली. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे पक्षी टोचून काढतात, हान्सेल आणि ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत लोटतात. पुढे होमरचा ओडिसियस एकाक्ष पॉलिफेमसचा डोळा तापलेल्या सुळक्याने फोडतो, दांतेच्या नरकात भ्रष्ट अधिकारी उकळत्या डांबरात बुडवले जातात, गोल्डिंगच्या कादंबरीत मुलेच एका मुलाचा जीव घेतात, अशी ही यादी वाढत जाते. २००१ साली इंडियानापोलिस शहराच्या अशाच एका नियमासंबंधी न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांनीही होमर आणि दांते यांचाच आधार घेतला होता.

या निर्णयाने व्हिडिओ गेमला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मिळाले. परंतु ते कोणत्या किमतीला मिळाले, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे. गेम साहित्यासारखा आहे, म्हणून तो मुक्त असावा, असा हा न्याय आहे. जेथे तो साहित्यासारखा नाही, तेथे त्याच्याविषयी काय म्हणायचे, याचे उत्तर या न्यायातून मिळत नाही.

ही उणीव त्याच निकालात न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी हेरली होती. निष्कर्षाशी सहमत असूनही त्यांनी बहुमताच्या कारणमीमांसेशी फारकत घेतली. रास्कोलनिकोव्ह म्हाताऱ्या सावकारणीला कुऱ्हाडीने मारतो, तो प्रसंग वाचणारा वाचक आणि स्वतःच्या चेहऱ्याची प्रतिमा पडद्यावर उभी करून तिच्या हातून खून घडवणारा खेळाडू, या दोघांचा अनुभव एकच कसा मानायचा, असा त्यांचा प्रश्न होता. यावर बहुमताची भूमिका अशी की वाचकाच्या सहभागात नवे काही नाही. वाचकाला कथेचा मार्ग निवडू देणारी पुस्तके १९६९ पासून उपलब्ध आहेत, आणि उत्तम साहित्य वाचकाला नेहमीच आपल्यात ओढून घेते.

येथे ‘सहभाग’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ परस्परांत मिसळले आहेत. पात्राशी तादात्म्य पावणे हा एक सहभाग, आणि घटना घडण्यासाठी स्वतः कृती करावी लागणे हा दुसरा. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात याच भेदावर बोट ठेवले होते. पाने उलटणे आणि डोळे फिरवणे यांपलीकडचे श्रम ज्या संहितेतून मार्ग काढण्यासाठी करावे लागतात, ती संहिता वेगळ्या जातीची असते, हे त्यांचे प्रतिपादन होते.

भारतीय काव्यशास्त्राला हा भेद अगदीच अपरिचित नाही. श्रव्य आणि दृश्य या काव्यभेदांत विषय एकच असला तरी मर्यादा निराळ्या मानल्या गेल्या. महाभारतातील युद्ध आणि वध श्रव्य काव्यात निःसंकोच वर्णिले जातात. नाट्यशास्त्र आणि पुढे ‘दशरूपक’ मात्र वध, युद्ध यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता सूचित कराव्यात असे सांगतात. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो, म्हणजे हा संकेत मोडताही येत होता. मुद्दा इतकाच की येथे विचार केवळ ‘काय’ याचा नव्हता, ‘कोणत्या माध्यमातून’ याचाही होता. शिवाय अभिनवगुप्ताने मांडलेले साधारणीकरण प्रेक्षक हा कर्ता नसतो या गृहीतावर उभे आहे. ‘हे माझे नाही, परक्याचेही नाही’ अशा अवस्थेत तो भाव अनुभवतो. गेममध्ये मात्र एकाच व्यक्तीकडे नटाचे आणि प्रेक्षकाचे, अशी दोन्ही कामे येतात. स्कॅलिया यांच्या यादीतील प्रत्येक उदाहरण श्रव्य काव्याचे आहे, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

२

हा भेद मान्य केला, तर नियंत्रणाच्या घटनांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. गेममधील फेरफार तीन पातळ्यांवर होताना दिसतो : शब्द, चिन्ह आणि नियम.

शब्दाच्या पातळीचे उदाहरण म्हणून ‘फॉलआउट ३’ (२००८) घेता येईल. अणुयुद्धानंतरच्या वॉशिंग्टन परिसरात घडणाऱ्या या गेमला ऑस्ट्रेलियाच्या वर्गीकरण मंडळाने मॉर्फीनच्या वापरावरून जुलै २००८ मध्ये परवानगी नाकारली. निर्मात्यांनी औषधाचे नाव ‘मेड-एक्स’ असे बदलले आणि हा बदल जगभरच्या सर्व आवृत्त्यांत केला. ते टोचून घ्यायचे, वेदना कमी करायच्या, व्यसनाचा धोका पत्करायचा, ही सारी यंत्रणा होती तशीच राहिली. बदलले ते केवळ नाव, आणि तेवढ्याने मंडळाचे समाधान झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने हा गेम भारतात प्रसिद्ध न करण्याचा निर्णय जाहीर केला. सांस्कृतिक संवेदनशीलता एवढेच कारण देण्यात आले. गेममधील दोन तोंडांच्या गुरांचे ‘ब्राह्मिन’ हे नाव त्यामागे असावे, असा तर्क तेव्हा सर्वत्र केला गेला. अमेरिकेत ‘ब्राह्मन’ या नावाची गुरांची एक जात आहे आणि ती भारतातून नेलेल्या वशिंडाच्या गुरांपासून पैदा केलेली आहे. गुरांसोबत गेलेला शब्द तिकडच्या कुरणांत रुजला, तेथून विनोदाच्या अंगाने गेममध्ये उतरला, आणि मायदेशी परतण्याच्या वेळी त्याचा जुना अर्थ आडवा आला. येथे तर शासनाने मनाईही केली नव्हती. अर्थाच्या या प्रवासाची चर्चा होण्यापूर्वीच व्यापारी सावधगिरीने तो थांबवला.

चिन्हाच्या पातळीचा इतिहास जर्मनीत सापडतो. ‘वुल्फेनस्टाइन ३डी’ (१९९२) मध्ये खेळाडू नाझींच्या कैदेतून निसटून त्यांच्याशी लढतो. तरीही स्वस्तिकादी चिन्हांवरील बंदीमुळे तेथे हा गेम १९९४ साली जप्त झाला आणि १९९८ मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने ती दिशा कायम ठेवली. कला, अध्यापन, इतिहासकथन यांसाठी कायद्यात असलेल्या अपवादाचा लाभ चित्रपटाला मिळत होता, गेमला मिळत नव्हता. परिणामी २०१७ च्या ‘वुल्फेनस्टाइन २’च्या जर्मन आवृत्तीत हिटलरची मिशी गेली, त्याचे नाव ‘हायलर’ झाले आणि नाझींच्या जागी नुसती ‘राजवट’ आली. इतिहासाचा विसर पडू नये म्हणून केलेल्या कायद्यानेच येथे इतिहास अनामिक केला. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील वर्गीकरण संस्थेने प्रत्येक गेम स्वतंत्रपणे तपासून हा अपवाद लागू करण्याचे धोरण स्वीकारले. त्यानंतर ‘थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स’सारखा, बर्लिनमधील प्रतिकार करणाऱ्या सामान्य नागरिकांवरचा गेम त्या चिन्हांसह प्रसिद्ध होऊ शकला. त्यात खेळाडूने कितीही धडपड केली तरी राजवट उलथता येत नाही. प्रतिकाराची मर्यादा हाच त्याचा आशय आहे आणि तो संवादांइतकाच नियमांतूनही व्यक्त होतो.

नियमाच्या पातळीवरचा फेरफार सर्वांत कमी चर्चिला गेला. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ (२००९) मधील ‘नो रशियन’ या भागात खेळाडू दहशतवाद्यांत मिसळलेला अमेरिकन हेर असतो आणि मॉस्कोच्या विमानतळावर निःशस्त्र प्रवाशांची कत्तल त्याच्यासमोर घडते. गोळी झाडावी की झाडू नये, हे त्याच्यावर सोडलेले आहे. कत्तल थांबवणे मात्र त्याच्या हाती नाही. हा भाग वगळण्याची मुभाही आधीच दिली जाते. रशियातील आवृत्तीतून तो काढूनच टाकला गेला. जर्मन आणि जपानी आवृत्त्यांत वेगळा मार्ग निघाला : प्रवाशावर गोळी झाडताच डाव संपतो.

या बदलाने पडद्यावरची कत्तल थांबत नाही. साथीदारांच्या बंदुका चालूच राहतात. दृश्य जवळपास तेच राहते, अर्थ मात्र उलटतो. मूळ आवृत्तीत खेळाडूच्या कृतीला शिक्षा नाही आणि शाबासकीही नाही. निवाडा त्याने स्वतःशी करायचा असतो. बदललेल्या आवृत्तीत हा निवाडा यंत्राने आधीच केलेला आहे. खेळाडू गोळी झाडत नाही ते विवेकामुळे, की डाव पुन्हा सुरू करावा लागेल म्हणून, हे आता सांगता येत नाही. नैतिकतेच्या रक्षणासाठी केलेल्या फेरफाराने नैतिक निवडीचीच जागा बुजवली.

याचा अर्थ मूळ आवृत्ती कलादृष्ट्या निर्दोष आहे असा नाही. नकार देणाऱ्याच्या नकाराला पुढे कथानकात कोणताही परिणाम नाही. दोन्ही वाटांनी शेवटी त्या हेराचा बळी जातो आणि युद्ध पेटते. निवड दिली, पण तिला वजन दिले नाही, हा तिचा खरा दोष होय. याउलट गोन्झालो फ्रास्का यांचा ‘सप्टेंबर १२’ (२००३) हा छोटा गेम पाहावा. बाजारपेठेवर क्षेपणास्त्र टाकले की निरपराध मरतात, शोक करणाऱ्यांतून नवे दहशतवादी तयार होतात, आणि जिंकण्याची सोयच नाही. येथे नियम हेच विधान आहे. इयन बोगॉस्ट यांनी २००७ मध्ये प्रक्रियेतून साधल्या जाणाऱ्या या वक्तृत्वाची सविस्तर मांडणी केली. ‘नो रशियन’वर घेता येणारा गंभीर आक्षेप हा कलात्मक आहे, आणि तो आक्षेप घेण्याची भाषा नियंत्रकांजवळ नव्हती.

३

मराठी वाचकाला नियंत्रणाचा इतिहास रंगभूमीवरून परिचित आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकावर १९१० मध्ये बंदी आली. कीचकात लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीत पारतंत्र्यातला देश दिसतो, असा अन्वयार्थ त्या बंदीमागे होता. ती बंदी दडपशाहीची होती. तरीही ती घालणाऱ्याने नाटक वाचले होते, आणि प्रेक्षकाने वाचले तसेच वाचले होते. सत्तेचे ते वाचन आज साहित्येतिहासाचे साधन बनले आहे.

‘पबजी मोबाइल’च्या बाबतीत असे वाचन आढळत नाही. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी तो खेळण्यासच मनाई केली आणि काही विद्यार्थ्यांना अटकही झाली. ग्रंथबंदीच्या भाषेत सांगायचे तर येथे लेखक आणि प्रकाशक बाजूला राहिले, कारवाई झाली ती वाचकावर. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ अन्वये ११८ उपयोजनांवर बंदी घातली, त्यांत हा गेम होता. सार्वभौमत्व आणि सुरक्षितता ही कारणे दिली गेली. गेमच्या आशयाचा प्रश्नच त्यात नव्हता. २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने तो परतला तेव्हा मात्र त्यात रक्ताचा रंग हिरवा झाला होता आणि हे जग आभासी आहे अशी सूचना आरंभी आली होती. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा अडवला गेला. मे २०२३ मध्ये परत आला, तो दैनंदिन खेळण्याच्या वेळेची मर्यादा घेऊन. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सना उत्तेजन दिले. तेथेही कसोटी पैशाच्या व्यवहाराची आहे, आशयाची नाही.

या घटनाक्रमातील खरी चिंता बंदीच्या संख्येची नाही. कलम ६९अ खालील २००९ च्या नियमांनुसार तक्रारी आणि त्यांवरील कार्यवाही गोपनीय ठेवली जाते. खासगी क्षेत्रातही याचेच प्रतिबिंब दिसते. जुलै २०२५ मध्ये प्रौढांसाठीचे अनेक गेम स्टीम आणि इच या विक्रीमंचांवरून हटवले किंवा शोधयादीतून वगळले गेले, ते पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांच्या दबावाखाली. तेथे न्यायमूर्ती नाहीत, निकालपत्र नाही, मतभेदाची नोंदही नाही. स्कॅलिया आणि अलिटो यांच्यातील वाद आज वाचता येतो, म्हणूनच त्यातील चूकही दाखवता येते. कारण न देणाऱ्या नियंत्रणाची चूक दाखवता येत नाही.

अशा परिस्थितीत तौलनिक अभ्यासकाला दोन कामे करता येण्याजोगी आहेत. पहिले काम पाठचिकित्सेचे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या हस्तलिखितांतील पाठभेद नोंदवून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. एकाच गेमच्या जर्मन, जपानी, रशियन आणि भारतीय आवृत्त्यांचे भेदही त्याच काटेकोरपणे नोंदवले जाऊ शकतात, आणि त्या नोंदीत शब्द व चित्र यांच्याबरोबर नियमालाही पाठाचा दर्जा द्यावा लागेल. नियंत्रणाने कारण सांगितले नाही, तरी त्याने केलेला फेरफार संहितेत उरतोच. दुसरे काम दाखल्याच्या पुनर्विचाराचे. होमर आणि दांते यांच्या आडोशाने गेमला मिळालेले संरक्षण मोलाचे असले तरी उसने आहे. वाचणे आणि करणे यांतील फरक नाकारून ते फार काळ टिकणार नाही, कारण अलिटो यांचा प्रश्न अद्याप उत्तराची वाट पाहतो आहे. ‘करणे’ हीही अर्थ घडवणारी क्रिया आहे आणि तिचीही समीक्षा होऊ शकते, हे सप्रमाण दाखवले गेले, तर त्या प्रश्नाचे उत्तर बंदीच्या बाजूने जाण्याचे कारण उरणार नाही.