रूथची शपथ आणि नामीचं मौन: आवडत्या ओळीच्या पुढे वाचायचं कसं?

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने परवा विचारलं, "ज्या ग्रंथावर आपली श्रद्धा आहे, त्याच ग्रंथावर संशोधन करता येतं का गं?" तिच्या मनात बायबलमधली रूथ होती. तिच्या लग्नात उपदेशाला रूथचीच शपथ घेतली होती. "सून असावी तर अशी", असं तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. तिला ती शपथ मनापासून आवडते आणि टोचतेही. मला वाटतं, चांगला संशोधन-प्रश्न अशाच ठिकाणी सापडतो. म्हणून आज रूथच्या पुस्तकाबद्दल.

आधी गोष्ट थोडक्यात. बेथलेहेममध्ये दुष्काळ पडतो. एलीमेलेख बायको नामी आणि दोन मुलांना घेऊन मवाब देशात जातो आणि तिथेच वारतो. मुलं मवाबी मुलींशी लग्न करतात, पुढे तीही मरतात. मागे उरतात तीन विधवा. नामी गावी परत निघते आणि सुनांना म्हणते, तुम्ही आपापल्या माहेरी जा. अर्पा रडून निरोप घेते. रूथ मात्र हटत नाही. तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव, अशा अर्थाची शपथ ती घेते (1:16–17).

उपदेश बहुतेक वेळा इथेच थांबतो. श्रद्धाही मिळाली, कुटुंबही मिळालं, विषय संपला. पण पुस्तक चार अध्यायांचं, 85 वचनांचं आहे आणि ही शपथ पहिल्याच अध्यायात येऊन जाते. शपथेतच सगळं आलं असतं, तर लेखकाने पुढचे तीन अध्याय कशाला लिहिले असते?

आता शपथेनंतरचं वचन बघा. नामी उत्तर काय देते? काहीच नाही. ही ऐकणार नाही हे पाहून ती बोलणं थांबवते, एवढंच निवेदक सांगतो. बेथलेहेमला पोहोचल्यावर गावातल्या बायका जमतात. त्यांना नामी सांगते की मी भरलेली गेले होते, देवाने मला रिकामी परत आणलं. हे ती बोलते तेव्हा रूथ शेजारीच उभी आहे! "ही माझी सून, माझ्यासाठी सगळं सोडून आली" असं एक वाक्यही नामीच्या तोंडी नाही.

या मौनाचं काय करायचं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. फिलिस ट्रिबल यांनी 1978 च्या पुस्तकात या गोष्टीकडे पुरुषप्रधान जगात स्वतःची वाट काढणाऱ्या दोन बायकांची गोष्ट म्हणून पाहिलं. डॅना नोलन फ्यूएल आणि डेव्हिड गन यांचं 1990 चं वाचन नामीबद्दल बरंच साशंक आहे. परकी, मवाबी सून सोबत येणं तिला अडचणीचं वाटत असावं, अशा दिशेने ते जातं. ही शंका निराधार नाही. अनुवादाच्या 23 व्या अध्यायात मवाबी लोकांना देवाच्या मंडळीत प्रवेश नाकारलेला आहे, आणि रूथच्या पुस्तकात तिच्या नावापुढे "मवाबी" हा शब्द पुन्हा पुन्हा लागतो.

माझं मत दोघांच्या मधलं आहे. नामी दुष्ट नाही, दुःखाने आंधळी झाली आहे. आणि हे पुस्तक तिच्याही बदलाचं आहे. पुरावा? एक शब्द. "रिकामी" यासाठी मूळ हिब्रूत जो शब्द 1:21 मध्ये आहे, तोच 3:17 मध्ये परत येतो. बवाजने सहा मापं जव दिलेत, सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस असं तो म्हणाला, हे रूथ घरी येऊन सांगते. नामीच्या तक्रारीला उत्तर मिळतं ते धान्याच्या रूपात, आणि तेही जिला तिने मोजलंच नव्हतं तिच्या हातून.

दुसरा शब्द: कानाफ. दुसऱ्या अध्यायात बवाज रूथला म्हणतो की तू इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आसऱ्याला आलीस. तिसऱ्या अध्यायात रात्री खळ्यावर रूथ त्याला सांगते, तुझ्या वस्त्राचं टोक माझ्यावर पसर. म्हणजे लग्न कर. हिब्रूत पंख आणि वस्त्राचं टोक या दोन्हींना हा एकच शब्द चालतो. जणू ती म्हणते, देवाच्या पंखांचा आशीर्वाद दिलास ना, मग आता तो पंख तू हो. मराठीत पंख वेगळा आणि पदर वेगळा, त्यामुळे हा दुवा भाषांतरात सहज निसटतो. सोशिक सून म्हणून जिचं कौतुक होतं, ती इथे चक्क आशीर्वादाचा हिशोब मागतेय.

तिसरा मुद्दा कुटुंबाचा. बवाजपेक्षा जवळचा एक नातेवाईक असतो. जमीन सोडवून घ्यायला तो तयार होतो, पण रूथचं नाव निघताच, माझ्या वतनाचं नुकसान होईल म्हणून माघार घेतो. लेखक त्याला नावच देत नाही. बवाज त्याला "पेलोनी अलमोनी" अशी हाक मारतो, म्हणजे आपल्याकडचं अमका-तमका. आपल्या "फलाणा"चं मूळ अरबी रूप या पेलोनीचंच भावंड आहे. स्वतःचं वतन जपायला गेलेला माणूस गोष्टीत निनावी राहिला आणि परक्या बाईची जबाबदारी घेणारा वंशावळीत गेला. दावीद राजा हा रूथच्या मुलाचा, ओबेदचा, नातू.

मग सगळं गोड झालं का? तसंही नाही. चौथ्या अध्यायात रूथ एक शब्दही बोलत नाही. मूल झाल्यावर शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. शेवटच्या वंशावळीत फक्त पुरुषांची नावं आहेत. मात्र त्याच शेजारणी नामीला सांगतात की तुझ्यावर प्रेम करणारी ही सून तुला सात मुलांपेक्षा बरी. नामी ज्या बायकांसमोर "रिकामी" म्हणाली होती, त्याच गावच्या बायका तिची चूक दुरुस्त करतात. या वचनाचा उपदेश मी तरी अजून ऐकलेला नाही.

पद्धतीबद्दल यातून तीन गोष्टी घ्या. एक, जी ओळ सगळ्यांना पाठ आहे तिच्या लगेच पुढची ओळ वाचा. दोन, परत येणारे शब्द मोजा. मूळ भाषा येत नसेल तर शब्दसूची वापरा आणि दोन-तीन मराठी भाषांतरं शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं भाषांतर त्यात जरूर घ्या. तीन, कोण बोलत नाही याची नोंद ठेवा, पण मौनाचा अर्थ लावताना मजकुरातला पुरावा द्या. नाहीतर आपलाच राग पात्राच्या तोंडी घातला जातो.

मैत्रिणीला मी हेच सांगितलं. श्रद्धा बाजूला ठेवायची गरज नाही, फक्त तिला पहिल्या अध्यायात थांबू देऊ नकोस. रूथने देव आणि घर एका वाक्यात निवडलं हे खरं. पण तिचं ते वाक्य खरं ठरायला बवाजला उठावं लागलं, शेजारणींना बोलावं लागलं आणि नामीला ते मूल मांडीवर घ्यावं लागलं. कुटुंबाची सगळी जबाबदारी एकट्या सुनेवर टाकायला या पुस्तकात आधार सापडत नाही.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझा प्रश्न रूथ नाहीच. माझा प्रश्न नामी आहे."

झाला की विषय तयार.