ताऱ्याचा अर्थ आणि कायद्याचा अंमल

वीज वापरणाऱ्या उपकरणांच्या नियमनाचा विचार आपल्याकडे बहुधा अभियांत्रिकीच्या वा अर्थशास्त्राच्या अंगाने केला जातो. परंतु हे नियमन ग्राहकापर्यंत पोहोचते ते ताऱ्यांच्या चिन्हातून. आणि चिन्ह म्हटले की अर्थाची चिकित्सा अपरिहार्य ठरते.

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ च्या चौदाव्या कलमाने केंद्र शासनास दोन भिन्न अधिकार दिले. मानकात न बसणाऱ्या उपकरणाच्या निर्मितीस व विक्रीस मनाई करणे हा एक. उपकरणावर ऊर्जावापराची पट्टी लावण्याची सक्ती करणे हा दुसरा. पहिला निषेधाचा, दुसरा निवेदनाचा. व्यवहारात मात्र दोहोंचा भार एकाच चिन्हावर पडला आहे. रूढ भाषेत तारा गौरव सुचवितो; परंतु जेथे पट्टी सक्तीची आहे तेथे एक तारा म्हणजे विक्रीयोग्यतेची किमान मर्यादा होय. छताच्या पंख्यांना ही सक्ती जानेवारी २०२३ पासून लागू झाली. तापकीर गल्लीत पंखा घेणारा ग्राहक त्या एका ताऱ्यात प्रशंसा वाचतो. कायद्याला तेथे केवळ अनुज्ञा अभिप्रेत असते.

दुसरी संदिग्धता काळाची. १ जुलै २०२२ रोजी वातानुकूलन यंत्रांचे निकष कडक झाले आणि पाच ताऱ्यांचे यंत्र चार ताऱ्यांवर आले. यंत्र तेच, अर्थ निराळा. तेव्हा कालावधीवाचून ताऱ्यास निश्चित अर्थच नाही; आणि तो कालावधी तर पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. युरोपात ‘ए’ या अक्षरापुढे तीन अधिक-चिन्हांपर्यंत मजल गेली होती. अखेर १ मार्च २०२१ पासून काही प्रमुख घरगुती उपकरणांसाठी ‘ए’ ते ‘जी’ ही साधी श्रेणी पुन्हा आणावी लागली.

याउलट १ जानेवारी २०२० पासूनचा नियम पाहावा. तारांकित वातानुकूलन यंत्र सुरू होताना २४ अंशांवरच असावे, असे तो सांगतो. येथे ग्राहकाच्या वाचनावर काहीच अवलंबून नाही. नियम यंत्राच्या रचनेतच उतरला आहे.

अंमलबजावणीचा प्रश्न येथेच उभा राहतो. सतराव्या कलमान्वये तपासणी अधिकारी नेमण्याचा अधिकार राज्याच्या पदनिर्देशित संस्थेकडे आहे. महाराष्ट्रात ती संस्था म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेली महाऊर्जा. दंडाची मूळ कमाल मर्यादा १०,००० रुपये होती. २०१० च्या दुरुस्तीने ती १० लाखांवर नेली. दंड वाढला, परंतु त्याने चिन्हाची संदिग्धता दूर होत नाही. यंत्र मानकात बसते आणि तरीही ग्राहकाची दिशाभूल होते, ही अवस्था कोणत्याही दंडाच्या कक्षेबाहेरची आहे. म्हणून पट्टीवरील वर्ष ताऱ्यांइतकेच ठळक असावे, एका ताऱ्याचा अर्थ तेथेच मराठीत सांगितलेला असावा, आणि तपासणीत विजेच्या मोजमापाबरोबर या मजकुराचीही परीक्षा व्हावी. ज्याचा अर्थ वाचकास उमगत नाही, त्या नियमाचा अंमल अपुराच राहतो.