वंशावळीतील मोकळ्या जागा : ‘आमचा बाप आन् आम्ही’च्या संदर्भात

पूर्वजांचा शोध घेण्याची साधने महाराष्ट्रात सर्वांना सारखी उपलब्ध नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत सिद्ध केले. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या कित्येक पिढ्यांची नावे गाव व आडनावनिहाय सापडतात. सुस्थितीतील कुटुंबांत पणजोबांचे पागोट्यातील छायाचित्रही जपलेले असते. परंतु काळाराम मंदिराच्या दारात ज्यांना २ मार्च १९३० रोजी अडविण्यात आले, त्यांच्या पूर्वजांची चरित्रे अशा साधनांतून हाती लागण्याची आशा फारशी करता येत नाही. सरकारी दप्तरात महार वतनदाराचे नाव येते खरे. पण ते त्याच्यावरील कामगिरीपुरते. माणूस तेथे नसतो.

या पार्श्वभूमीवर डॉ. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (ग्रंथाली, १९९३) या ग्रंथाचा विचार करणे उचित ठरते. नाशिक जिल्ह्यातील ओझर हे दामोदर जाधव यांचे मूळ गाव. गावकीच्या येसकरपाळीत विहिरीतील प्रेताची राखण त्यांच्या वाट्याला आली. ते प्रेत बाहेर काढण्याचा फौजदाराचा हुकूम त्यांनी मानला नाही, मार खाल्ला आणि पत्नी सोनूसह मुंबई गाठली. पुढे पोर्ट ट्रस्टमध्ये त्यांनी नोकरी केली. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून या अल्पशिक्षित गृहस्थाने आपल्या आठवणी लिहून काढल्या. ग्रंथाचा पाया म्हणजे हे लेखन. ते भाटाने गायिलेले नाही, कारकुनाने नोंदलेले नाही. ज्याच्याविषयी आहे त्यानेच ते लिहिले आहे. वंशावळीच्या परंपरेत ही गोष्ट क्वचितच घडते. शीर्षकातील ‘आन्’ हा उच्चारही म्हणूनच महत्त्वाचा आहे. प्रमाणभाषेतील ‘आणि’ने तो बदलला असता, तर बापाचा आवाज पहिल्याच पानावर हरवला असता.

मात्र याच ठिकाणी एक अडचण उद्भवते. २००३ साली ‘आउटकास्ट’ या नावाने इंग्रजीत आलेल्या ग्रंथात दामू आणि सोनू आलटून पालटून प्रथमपुरुषी निवेदन करतात. प्रसंग रंगतात, संवाद बांधेसूद होतात. वाचनीयतेच्या दृष्टीने हा लाभच होय. परंतु वडिलांचे लिखित कोठे संपते, मुलाची पुनर्रचना कोठे सुरू होते, हे वाचकास पानोपानी कळत नाही. कादंबरीत हा दोष नसता. पण हे लेखन वाचकापुढे कुटुंबाचा पुरावा म्हणूनही उभे असल्यामुळे सीमारेषा दिसणे आवश्यक होते. मूळ लेखनातील काही मजकूर अडखळत, अशुद्ध, जसाच्या तसा स्वतंत्रपणे छापला असता तर ग्रंथाची विश्वसनीयता वाढलीच असती. मराठी ग्रंथाची रांगडी वीण या दृष्टीने अधिक प्रामाणिक वाटते.

छायाचित्रांबाबतही अशीच सावधगिरी हवी. स्टुडिओत उसना कोट घालून, रंगविलेल्या पडद्यासमोर काढून घेतलेला फोटो माणसाची परिस्थिती सांगत नाही. त्याची आकांक्षा सांगतो. डॉ. आंबेडकरांच्या पिढीतील कार्यकर्त्यांना स्वच्छ पोशाखाचे मोल ठाऊक होते. त्या फोटोला ‘खोटा’ म्हणणे हे त्याचे अपवाचन ठरेल.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. ओझरपासून काही कोसांवर असलेल्या सातपूरमध्ये १९६० च्या दशकापासून औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि गावोगावची कुटुंबे तेथे स्थिरावली. त्यांतील अनेकांचे कौटुंबिक दप्तर म्हणजे पत्र्याच्या पेटीतील शाळा सोडल्याचा दाखला, कामगाराचे ओळखपत्र व एखादा फिकट पडलेला फोटो. दाखल्यावरील जन्मतारीख कित्येकदा १ जून. ती गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीसाठी टाकलेली. जात पडताळणीच्या वेळी मात्र याच कागदांवर नातवंडांचे प्रवेश आणि नोकऱ्या अवलंबून राहतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. आजोबांच्या नावापुढे लिहिलेला जो शब्द गावकीत अपमानाचा होता, तोच हक्कासाठी नातवाला शोधत फिरावे लागते. ज्या वतनी गुलामीवर दामूने पाठ फिरवली, तिच्याच नोंदी पुढील पिढ्यांना पुरावा म्हणून मागाव्या लागतात, हा विपर्यास जाधवांच्या ग्रंथात थेट येत नाही; तथापि त्याच्या वाचनातून तो टाळताही येत नाही.

दप्तर जे सांगू शकत नाही ते सोनूच्या निवेदनात सापडते. १९५६ च्या धर्मांतराच्या संदर्भात देव्हाऱ्यातील देव सोडणे तिला जड जाते. नवरा बाबासाहेबांचा शब्द अखेरचा मानतो. ती आपल्या देवांविषयी विचारत राहते. कोणत्याही दाखल्याच्या रकान्यात पूर्वीचा धर्म आणि नंतरचा धर्म एवढेच लिहिले जाते. त्या दोहोंच्या मधला घरातील वाद लिहिण्यास तेथे जागा नसते. इंग्रजी ग्रंथाच्या अखेरीस नातीचे मनोगत येते. आजोबांच्या जगापासून अतिशय दूर वाढलेल्या त्या मुलीपर्यंत आजोबा पोहोचतात ते दाखल्यातून नव्हे, तर या वादांसकट सांगितलेल्या गोष्टींतून.