पाहणे आणि पाहिल्यासारखे करणे

शाळेचा बाक आमच्या रोजच्या ओळखीचा. म्हणूनच पॅट्रिक ट्रेसे या फ्रेंच कलावंताच्या यंत्रांची चित्रफीत उरणला घरी पाहिली, तेव्हा आमची नजर प्रथम बाकावरच गेली. जुन्या शाळकरी बाकावर यांत्रिक हात, त्यात साधे बॉलपेन, बाजूला मान हलवणारा कॅमेरा. समोर खुर्चीत माणूस अर्धा तास निश्चल बसतो आणि यंत्र त्याची तसवीर काढते. यंत्राचे नाव पॉल. २०११ साली लंडनमध्ये तो लोकांसमोर आला; पुढे एकाच माणसासमोर तीन-तीन, पाच-पाच पॉल बसू लागले.

माणसासारखी यंत्रे आपल्याला परकी नाहीत. अल-जझरीने १२०६ सालच्या ग्रंथात हात धुण्यासाठी पाणी देणारे यांत्रिक सेवक वर्णिले आहेत. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या जाके-द्रो घराण्याने चित्र काढणारा बाहुला घडवला. पण त्याची चित्रे ठरलेली, चारच. समोर बादशहा असो की भिस्ती, त्याला फरक नव्हता. पॉलला तो फरक पडतो. हे ट्रेसेचे खरे यश.

आता दोष. चेहरा टिपून झाल्यावरही पॉलचा कॅमेरा वर-खाली होत राहतो. कधी माणसाकडे, कधी कागदाकडे. ही हालचाल बरीचशी प्रेक्षकांसाठी रचलेला अभिनय आहे. काही समीक्षक याला लबाडी म्हणतील. आम्हाला मात्र कलाकृतीचा प्राण इथेच दिसतो. आपल्याकडे कोणी इतका वेळ पाहत आहे, या भावनेनेच माणूस खुर्चीत बसून राहतो.

पंढरपूरला १९१५ साली जन्मलेल्या हुसेनसाहेबांनी भीमसेन जोशींच्या गाण्याबरोबर लोकांसमोर चित्र रंगवले. तिथे जोखीम चित्रकाराची होती. कुंचला चुकला तर सर्वांसमोर. पॉलला चुकण्याची लाज नाही. इथे उघडा पडतो तो बसणारा.

तसवीर म्हटले की आमच्या समाजात काही कपाळांवर आठी उमटते. 'मुसव्विर' हे अल्लाहचे नाव. घडवणारा तोच, ही भावना आम्ही आदराने मानतो. पण यंत्राच्या तसविरीचा कर्ता कोण, या वादापेक्षा आम्हाला दुसराच प्रश्न छळतो.

आम्ही वर्गात हजेरी घेतो. नाव पुकारतो, मान वर करतो, खूण करतो, मान खाली. एकदा एक मुलगी आठवडाभर सुजलेल्या डोळ्यांनी 'हाजिर' म्हणत होती. आमची मान रोज वर झाली होती. डोळे मात्र आम्हाला दिसले नव्हते. तिच्या वडिलांचा इंतकाल झाल्याचे शेजारच्या बाकावरच्या मुलीने सांगितले.

पॉलच्या रेषा थोर नाहीत. खरडल्यासारख्या, कधी गिचमिड. तरीही ही कलाकृती थोर वाटते, कारण ती आम्हालाच त्या बाकावर बसवते. यंत्र पाहिल्यासारखे करते याची तक्रार आम्ही कोणत्या तोंडाने करावी?