थुंकी लावून उलटलेलं पान

लहानपणी स्वाध्यायाला बसलं की आजी एक गोष्ट दहादा बजावायची : बोटाला थुंकी लावून शास्त्राचं पान उलटायचं नाही, अविनय होतो. ‘द नेम ऑफ द रोझ’ हा चित्रपट पाहताना मला आजी आठवली आणि हसूच आलं. कारण त्यातली माणसं मरतात ती बहुतेक याच सवयीनं. पुस्तकाच्या पानांना विष लावलेलं असतं, आणि वाचणारा बोट जिभेला लावून पान उलटत जातो.

रहस्य आधीच फोडलं म्हणून रागावू नका. खून कोणी केले यापेक्षा ते कशापायी केले, हेच या चित्रपटात महत्त्वाचं आहे.

उंबेर्तो एको या इटालियन लेखकाची कादंबरी १९८० सालची. ज्याँ-जाक आनो यांनी त्यावर १९८६ मध्ये चित्रपट केला. काळ १३२७ चा, उत्तर इटलीतल्या डोंगरावरचा एक ख्रिस्ती मठ. तिथे साधूंचे एकामागून एक मृत्यू होतात, आणि पाहुणा म्हणून आलेला विल्यम आपल्या कोवळ्या शिष्याला, आद्सोला घेऊन शोध करतो. शॉन कॉनरी या नटानं हा विल्यम फार गोड उभा केला आहे. आल्या आल्या तो शिष्याला शौचालय कुठे आहे ते सांगतो. का, तर एक साधू तिकडे घाईनं गेला आणि समाधानानं परत आला! डोळे उघडे ठेवणारा माणूस कसा असतो, ते एवढ्याशा प्रसंगात कळतं.

मठाचं वैभव म्हणजे तिथलं ग्रंथालय. भुलभुलैयासारखं, आणि ग्रंथपालाशिवाय इतरांना बंद. त्यात ॲरिस्टॉटलचा विनोदावरचा ग्रंथ दडवलेला आहे. होर्हे नावाच्या आंधळ्या म्हाताऱ्या साधूला वाटतं, लोक हसायला लागले तर भीती जाईल, आणि भीती गेली की धर्मही जाईल. म्हणून हे विष.

खरं सांगते, इथे मी जरा थबकले. आपल्याकडेही हास्य नोकषायांत मोडतं. सत्यव्रताच्या भावनांमध्ये हास्याचा त्याग सांगितला आहे. मग हा होर्हे आपलंच बोलतोय की काय? रात्री भांडी आवरताना उत्तर सुचलं. आपला त्याग ज्याचा त्यानं करायचा असतो. मी माझं हसू आवरीन, माझं ताट अर्ध्यावर ठेवीन, पण शेजारणीच्या ताटात विष कालवणार नाही. व्रत स्वतः घ्यायचं असतं. दुसऱ्यावर लादलं की ते व्रत राहत नाही, तो पहारा होतो.

असा पहारा आपल्या घरातही होता. षट्खंडागमावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका शतकानुशतकं मूडबिद्रीला ताडपत्रांवर बंद होती. यात्रेकरूंना दर्शन मिळे, वाचन नाही. त्या कुलपानं ग्रंथ जगवला, हे मान्यच करायला हवं. ते नसतं तर आपल्या हाती काही आलं नसतं. पण नुसतं दर्शन घेऊन ज्ञान कसं होणार? सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंदांसारख्यांनी खटपट केली, तेव्हा कुठे नकला सुरू झाल्या. नक्कल करणाऱ्या गजपती शास्त्रींनी एक प्रत गुपचूप घरी तयार केली, आणि त्या कामात त्यांची विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचा मोठा हात होता. ती प्रत पुढे सहारनपूरला गेली. १९३९ मध्ये प्रा. हीरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड छापला, आणि पुढे सोळा खंड झाले.

लक्ष्मीबाईंचं नाव मी मुद्दाम घेतलं. कारण चित्रपटात लक्षात राहणारी बाई एकच. पोटासाठी देह विकणारी, मठाबाहेर फेकलेल्या उष्ट्यावर जगणाऱ्या गरिबांतली एक मुलगी. तिला धड एक वाक्यही दिलेलं नाही. म्हातारा आद्सो शेवटी म्हणतो, तिचं नाव मला कधीच कळलं नाही. (तिचा नि आद्सोचा एक प्रसंग मुलांसमोर पाहण्याजोगा नाही, हेही सांगून ठेवते.)

शेवट मला खोटा वाटला. चित्रपटात मुलगी वाचते आणि क्रूर धर्मन्यायाधीश बर्नार्ड गी गावकऱ्यांच्या हातून मरतो. कादंबरीत तो तिला धरून नेतो, ती सुटत नाही. खरा बर्नार्ड गी १३३१ पर्यंत जगला. प्रेक्षकाला बरं वाटावं म्हणून हा बदल केला, पण त्यानं गोष्टीतली धार गेली. तरी आगीतून विल्यम छातीशी चार पुस्तकं कवटाळून बाहेर येतो, तेव्हा डोळे भरून येतात. त्यासाठी मी बाकी सगळं माफ केलं.

आमच्या तिरल्याहून नालछा काही लांब नाही. या चित्रपटातल्या काळाच्या सुमारे शंभर वर्षं आधी पंडित आशाधर तिथे राहिले आणि ‘सागारधर्मामृत’ लिहिलं, घरसंसार करणाऱ्यांसाठी. म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. आपण श्रुतपंचमीला शास्त्रं बाहेर काढतो, पुसतो, नवी वेष्टनं घालतो, आरती करतो आणि परत कपाटात ठेवतो. मीही तीस वर्षं हेच केलं. वेष्टनं शिवली, आतलं वाचलं नाही. कुणी अडवलं नव्हतं. किल्ली मागायचं सुचलंच नाही.

यंदा मागणार आहे. हात धुऊन, थुंकी न लावता, पण पान उलटणार आहे.