इंचभर माया

दुकानातल्या तिन्ही आरशांत कोट निर्दोष दिसला होता. घरी हौसेने घालून दाखवत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, उभेच आहात तर तो वरच्या फळीवरचा सोऱ्या काढून द्या." हात वर केला, तर हाताबरोबर अख्खा कोट वर चढला आणि कॉलर कानाला जाऊन टेकली. सोऱ्या निघाला, कोटावरचा भरवसा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात आणखी एक गोष्ट दिसली. डाव्या खिशाच्या फ्लॅपवरची निळी उभी रेघ अंगावरच्या रेघेला मिळत नव्हती, दोन दोरे अलीकडेच थांबली होती. एकदा ते दिसल्यावर मला त्या कोटात दुसरं काही दिसेना.

कापड राखाडी वर्स्टेडचं, त्यावर चार-चार बोटांच्या अंतरावर बारीक निळ्या रेघांची चौकडी. पुतणीच्या लग्नासाठी सव्वादोन मीटर घेतलं होतं. शिवणारे मास्टर आमच्याच पेठेतले, जिन्याखालच्या दुकानात बसणारे. कापड टेबलावर पसरून ते म्हणाले होते, "साहेब, चौकडीत चूक लपत नाही." मी ऐटीत म्हणालो, "म्हणूनच घेतलंय." त्या ऐटीची किंमत आता खुंटीला टांगलेली होती. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

काव्य कशाला म्हणावं हे सांगताना मम्मटाने अकराव्या शतकात पहिली अट घातली ती दोष नसण्याची. पुढे चौदाव्या शतकात 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने त्या अटीवर बोट ठेवलं. असं म्हणायचं ठरवलं तर काव्य औषधालाही सापडायचं नाही. किड्याने पोखरलं म्हणून रत्नाचं रत्नपण जात नाही, फार तर त्याची प्रत उतरते. आलंकारिकांनी आणखी एक शहाणपण केलं, दोषांचे नित्य आणि अनित्य असे दोन भाग पाडले. कानाला टोचणारी अक्षरं शृंगारात दोष ठरतात, रौद्रात तीच शोभतात. हा अनित्य दोष. व्याकरणाची चूक मात्र कुठेही चूकच. शिवलेला कोट पारखायला याहून चांगलं भिंग मला मिळालेलं नाही.

सुरुवात पाठीपासून केली, कारण आपली पाठ आपल्याला कधीच दिसत नाही आणि मास्टरला आधी तीच दिसते. मुलीने मागून फोटो काढला. कॉलरच्या खाली, मानेच्या बुडाशी, बोटभर जाडीची आडवी वळी पडली होती. चुणी म्हणजे कापडाने केलेली तक्रार, आणि कापड खोटी तक्रार करत नाही. आडव्या वळीचा अर्थ असा, की अंगाचे खांदे कोटाच्या खांद्यांपेक्षा सरळ आहेत. ते टोकाकडून कापड उचलतात आणि उरलेला झोळ मानेपाशी गोळा होतो. खांदे उतरते असते तर उलट झालं असतं, मुंढ्याखाली तिरप्या चुण्या लोंबल्या असत्या. सरळ खांदे आजवर मी माझ्या गुणांत धरत आलो होतो. कापडाने त्यांची निराळी नोंद घेतली होती.

अस्तराच्या बाजूने खांदे चाचपताना मात्र एक गोष्ट हाताला लागली. उजव्या खांद्यातल्या गादीला डाव्यापेक्षा एक थर जास्त होता. पंचवीस वर्षं त्याच खांद्यावर ऑफिसची बॅग अडकवून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलेला आहे. टेप लावताना मास्टरना ते दिसलं असणार. ते बोलले काहीच नाहीत, कापसाचा एक पदर वाढवून गप्प बसले. आरशात माझे दोन्ही खांदे एका रेषेत दिसत होते, त्याचं श्रेय मी सकाळपर्यंत व्यायामाला देत होतो. रसग्रहणात दोष मोजताना गुण निसटतात, आणि उत्तम कारागिरीचे गुण तर दिसू नयेत अशाच बेताने केलेले असतात.

असाच दुसरा गुण लॅपलमध्ये. हल्लीच्या पुष्कळशा तयार कोटांत छातीच्या कापडाला आतून बकरम गोंदाने चिकटवलेलं असतं. काम झटपट होतं, पण काही पावसाळे आणि ड्रायक्लीनिंगच्या काही फेऱ्या झाल्या की गोंद सुटतो आणि छातीवर फोड येतात. या कोटात कॅनव्हास आहे, घोड्याच्या केसांचा ताठपणा असलेला, आणि तो हाताने टाचलेला आहे. बटणाच्या वर कापड चिमटीत धरून जरा ओढलं, की वरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये तिसरा पदर सुटा सरकताना कळतो. लॅपल उलटून उन्हात तिरकं धरलं, तर मागच्या बाजूला टाक्यांच्या बारीक खळ्या रांगेने दिसतात. लॅपल तळहातावर वळवून धरायचं आणि वळलेल्या स्थितीतच टाके घालायचे, ही त्यातली खुबी. वळण इस्त्रीने दिलेलं नसतं, शिवणीतच मुरलेलं असतं. म्हणून हे लॅपल घडी घातल्यासारखं मोडत नाही, बटणापाशी येऊन हळूच कलंडतं. इथे मी थोडा वेळ फ्लॅप विसरलो.

पुढे आलो बाहीच्या माथ्याकडे. जिथे बाही खांद्याला मिळते तिथे बारीक चुण्या होत्या. लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या कडक परंपरेत असा माथा पाहून मुख्य कटरने कारागिराला परत पाठवलं असतं. पण इटलीतल्या नेपल्समध्ये याच चुण्यांसाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं. तिथे गेल्या शतकातल्या तिशीच्या दशकात रुबिनाची यांच्या 'लंडन हाउस'मध्ये विन्चेन्झो अत्तोलिनी या कटरने इंग्रजी कोटातली गादी आणि ताठा काढून टाकला. तिथल्या पद्धतीत बाही सदऱ्यासारखी चुणीदार बसवतात, त्या खांद्याला सदऱ्याचाच खांदा म्हणतात. बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा मोठा ठेवून तो त्यात जिरवायचा, म्हणजे हात हलायला जागा मिळते; जिरता जिरता उरलं ते चुणी होऊन दिसतं. खुद्द लंडनमध्येही फ्रेडरिक शोल्टे या शिंप्याने छातीवर आणि पाठीवर मुद्दाम जादा कापड सोडून कोट मऊ पडू दिला. त्याच्या गिऱ्हाइकांत ड्यूक ऑफ विंडसर होता, त्यामुळे ज्याला एरवी झोळ म्हटलं असतं त्याला डौल म्हणायची सोय झाली. असे दोष अनित्य. माझ्या मास्टरनी नेपल्स मनात धरलं होतं असा माझा दावा नाही. पण चुण्या दोन्ही खांद्यांवर सारख्या होत्या, आणि सारखेपणा असला की मी त्याला चूक म्हणत नाही, हात म्हणतो.

आता नित्य दोष. सोऱ्याने दाखवून दिलेला दोष मुंढ्याचा. मुंढा खोल कापला की कोट अंगात सैल वाटतो, आणि माणसाला वाटतं, बरं झालं, हात हलवायला जागा झाली. होतं नेमकं उलट. मुंढा काखेच्या जवळ, उंच असेल तर हात एकटा वर जातो. खाली असेल तर बाही कोटाच्या कुशीला धरून ओढते आणि सगळा कोट हाताबरोबर वर येतो. यावर उपाय जवळजवळ नाही. कापून टाकलेलं कापड परत उगवत नाही.

दुसरा नित्य दोष बाहीच्या मनगटापाशी, आणि तो माझ्या नावावर. तिथली बटणं शोभेची न ठेवता काज कापून खरी उघडणारी करा, असा हट्ट मी दुसऱ्या ट्रायलच्या वेळी धरला. मास्टर म्हणाले, "आधी बाहीची लांबी पक्की होऊ द्या." मी घाई केली. बाही अर्धा इंच लांब राहिली. काज कापलेले नसते तर ती खालून दुमडून आखूड झाली असती. आता ती कमी करायची तर खांद्यापासून उसवून वरून कमी करावी लागणार, म्हणजे ज्या माथ्याचं मी एवढं कौतुक केलं तोच मोडावा लागणार.

काजाची गोष्ट निघालीच आहे, तर लॅपलवरचा एक काज पाहू. मशीन बहुधा आधी टाके घालतं आणि मग मध्ये चीर देतं, म्हणून मशीनच्या काजातून कापडाचे तंतू डोकावतात. हातकाजात आधी कातर चालते, मग कडेकडेने रेशमी दोऱ्याचा एकेक टाका पडतो आणि प्रत्येक टाक्याची गाठ चिरेच्या ओठावर येऊन बसते. भिंग लावून पाहिलं. शेवटच्या वळणावर दोन टाके एकमेकांना चिकटले होते, तिथे दोरा संपत आला असावा. बाकीच्या गाठी ज्वारीच्या कणसासारख्या दाटीने बसलेल्या. तो काज दुरुस्त करून घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

उरली ती पोटावरची गोष्ट. बटण लावलं की तिथून चारी दिशांना चुण्या धावत होत्या, बटणाभोवती फुली. इथे अर्थ लावायला शास्त्र लागत नाही. पहिल्या मापापासून दुसऱ्या ट्रायलपर्यंत दिवाळी येऊन गेली होती. ही चूक फराळाची, आणि फराळाने केलेली चूकही शिंप्यानेच निस्तरायची असते.

कोट घेऊन गेलो तो दुपारी, गिऱ्हाईक नसताना. अशा वेळी माझा एक नियम आहे : उपाय सांगायचा नाही, लक्षण सांगायचं. "कंबर वाढवा" म्हटलं तर मास्टर कंबर वाढवतात, आणि दुखणं पाठीत असलं तर ते तसंच राहतं. "इथे ओढतंय", "इथे गोळा होतंय" म्हणायचं आणि गप्प राहायचं. अंगावर कोट, खिशात रोजच्यासारखा मोबाइल आणि पाकीट, आणि पोट आत न ओढता उभं राहायचं. शेवटची अट सगळ्यात अवघड.

मास्टरनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मानेमागची वळी चिमटीत धरून टाचण्या लावल्या, खडूने चंद्रकोर काढली. कॉलर उसवायची, पाठीचा गळा तेवढ्या कोरीने खाली घ्यायचा आणि कॉलर परत बसवायची. फ्लॅपकडे बघून ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." मग टेबलाखालून एक पुरचुंडी काढली. माझ्या कापडाची सगळी कातरण त्यांनी जपून ठेवली होती. तिच्यातून नवा फ्लॅप निघणार होता. "पण पुढच्या निम्म्या भागातच रेघा मिळतील," ते म्हणाले. "मागे डार्ट आहे. तिथे कापड दाबून कंबर काढलीय, चौकडी हलणारच." म्हणजे माझ्या तक्रारीतला निम्मा भाग दोष नव्हता, भूमिती होती. मुंढ्यापाशी आल्यावर ते थांबले. "तो माझा चुकला," एवढंच म्हणाले. बाहीला आम्ही दोघांनीही हात लावला नाही.

शेवटी कंबर. मास्टरनी अस्तराची कड उसवून कोटाची कूस उलटी करून दाखवली. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना इंच-इंच कापड दुमडून ठेवलेलं होतं. शिवणकामात याला माया म्हणतात. चार टिपा उसवल्या की ती बाहेर येते आणि कोट अंगाबरोबर वाढतो. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी अप्पांची संगत नको, असं आपली जुनी म्हण बजावते. शिंपी कापड मारतो हा त्यातला आळ. हा शिंपी कापड मारायचं सोडून माझ्याच कोटात माझ्यासाठी लपवून बसला होता. तयार कोटांत ही माया बहुतेक वेळा दोरीएवढीच असते. तिथे चूक झाली की झाली.

आठ दिवसांनी कोट परत आला. मानेमागची वळी गेली आहे. फ्लॅपची रेघ अंगावरच्या रेघेतून सरळ उतरते, डार्टपाशी पोचल्यावर चळते, आणि आता मी तिला चळू देतो. कुशीजवळ उजेड तिरका पडला तर जुन्या टिपेची पुसट खूण दिसते, इस्त्रीनेही ती पुरती गेलेली नाही. हात वर केला की कोट अजून वर येतो, म्हणून लग्नात अक्षता मी कोपरापासूनच टाकल्या. विश्वनाथाच्या हिशेबाने प्रत थोडी उतरली आहे, एवढंच.

दुकानातून निघताना मास्टरना विचारलं होतं, "कुशीतलं सगळं सोडलंत का?"

"नाही साहेब. अर्धा इंच आहे अजून आत. पुढच्या दिवाळीला लागेल."